वेस्टची ‘स्टेशनं’ : इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये नेमकं कुठं उभं राहायचं?

घाटमाथा

लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या प्रदेशावरचे आपले धागे बहुतेक वेळा कवी वर्ड्‌स्वर्थचं घर, ग्रासमिअरचा जिंजरब्रेड आणि विंडरमिअरची बोट इथं येऊन थांबतात. इथं त्याआधीच्या पर्यटकांबद्दल बोलू या.

१७७८ साली टॉमस वेस्ट या जेझुइट पाद्र्याचं सरोवरांवरचं मार्गदर्शक पुस्तक आलं. त्यात नुसती स्थळांची यादी नाही. प्रत्येक मोठ्या सरोवराभोवती वेस्टने उभं राहायच्या जागा ठरवून दिल्या, त्यांना क्रमांक दिले आणि ‘स्टेशन’ म्हटलं. विंडरमिअरला पाच, डरवेंटवॉटरला आठ. कुठल्या झाडापाशी वळायचं, कोणत्या खडकावर चढायचं, आधी उत्तरेकडे बघायचं की दक्षिणेकडे, सगळं लिहिलेलं आहे. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर इंग्रजांची युरोपची वारी बंद पडली आणि हे पुस्तक हातात धरून येणाऱ्यांची रीघ लागली.

माझे प्रश्न तीन. यातली कोणती स्टेशनं आज सापडतात? तिथून आज काय दिसतं? आणि दोनच दिवस असतील तर कुठली घ्यावीत?

माझं मत आधीच मांडतो. स्टेशन म्हणजे पर्यटकावर लादलेला हुकूम नव्हता. बरीच पायपीट करून कुणीतरी शोधून ठेवलेली जागा होती ती. दहा पावलं इकडेतिकडे झाली तर बेट झाडामागे जातं किंवा पुढचा खडक चौकटीतून निसटतो. ज्याने हे पाहून ठेवलं त्याचं ऐकण्यात कमीपणा नाही.

पेणकर

स्टेशन म्हटल्यावर मी आधी गाडीचं वेळापत्रक शोधायला लागलो होतो :)

घाटमाथा

पेणकर, गाडी विंडरमिअरला पोचली १८४७ मध्ये, म्हणजे वेस्टनंतर जवळजवळ ७० वर्षांनी. ‘स्टेशन’ म्हणजे मूळात उभं राहायची जागा. मोजणीवाले थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र जिथं मांडतात त्या ठिकाणालाही स्टेशनच म्हणतात.

नकाशेवाला

सर्वात ठळक उदाहरणापासून सुरुवात करतो : विंडरमिअरचं पहिलं स्टेशन, पश्चिम काठावर, फेरीबोटीच्या धक्क्याजवळ.

वेस्टने दिलेली खूण अशी : फेरीच्या भूशिराच्या चिंचोळ्या भागाजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन लहान ओक आहेत, त्यातल्या पश्चिमेकडच्या झाडामागून जवळच्या खडकावर चढा, तिथून दोन दृश्यांत सगळं सरोवर हाती येतं. ‘दोन दृश्यांत’ हे महत्त्वाचं. एकदा उत्तरेकडे, बेटं आणि त्यामागे ॲम्बलसाइडकडचे डोंगर. मग वळून दक्षिणेकडे, जिथं पाणी लांबट होत जातं. सरोवर सुमारे १७ किलोमीटर लांब आणि अरुंद आहे. एका नजरेत ते मावत नाही, म्हणून जागा अशी निवडली की मध्यावर उभं राहून दोन तुकड्यांत बघता यावं.

ही जागा इतकी गाजली की १७९० च्या दशकात रेव्हरंड विल्यम ब्रेथवेट यांनी तिथं दुमजली बुरूजवजा इमारत बांधली. पुढे ती समोरच्या बेल आइल बेटाचे मालक जॉन ख्रिश्चन कर्वेन यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती वाढवली. तिला क्लेफ स्टेशन म्हणतात. वरच्या मजल्यावर बैठकीची खोली होती आणि तिच्या खिडक्यांना रंगीत काचा. फिकट हिरवी काच वसंतासाठी, पिवळी उन्हाळ्यासाठी, नारिंगी शरदासाठी, फिकट निळी हिवाळ्यासाठी, गडद निळी चांदण्यासाठी, आणि जांभळट काच वादळी पावसासाठी. म्हणजे जून महिन्यातल्या एका दुपारी वर्षभराचं हवामान बघून घ्यायचं.

इमारत मधे पडझड होऊन झाडीत बुडाली होती. आता ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. दहाएक वर्षांपूर्वी डागडुजी झाली, बघायला ओटा केला आणि रंगीत काचांची तावदानंही पुन्हा बसवली. प्रवेश मोकळा आहे.

जायचं कसं : विंडरमिअर रेल्वे स्थानकावरून ५९९ क्रमांकाची बस सरोवराकाठच्या बोनेस गावाला. तिथून चालत फेरी नॅबच्या धक्क्यावर. तारेवर ओढली जाणारी मोटारींची फेरीबोट आहे, पायी माणसालाही घेते, साधारण दहा मिनिटांत पलीकडे. उतरल्यावर थोडं चाललं की स्टेशनचं अंगण लागतं, आणि तिथून पायऱ्यांची चढण. चढ थोडाच आहे, पण पाऊस झाला की दगड निसरडे होतात. तळाला पकड असलेले बूट घाला.

कवडसा

काचांचा खेळ नुसता बालिश नाही. पिवळी काच निळा प्रकाश अडवते. लांबच्या डोंगरांवर जो धूसर निळसर पडदा दिसतो तो विखुरलेल्या निळ्या प्रकाशाचाच असतो. तो गाळला की डोंगराच्या कडा स्पष्ट होतात आणि सगळं उन्हात न्हाल्यासारखं वाटतं. फिकट निळ्या काचेत उलट घडतं : गवताचा पिवळेपणा मरतो, सावल्या गार होतात. चांदण्याची काच मात्र भर उजेडातच चालते. आभाळ भरलेलं असेल तर तिच्यातून नुसता काळोख दिसतो.

रानवाटा

मला हे सगळं कौतुक एका मर्यादेपर्यंतच पटतं. याच पर्यटकांच्या खिशात ‘क्लॉड ग्लास’ नावाचा काळा आरसा असे. डोंगराकडे पाठ करून उभं राहायचं आणि आरशात त्याचं चित्र बघायचं! समोर खरा डोंगर असताना. वेस्टने तर सरोवरांचा क्रमही चित्रकारांवरून लावला : कॉनिस्टन क्लॉड लोरॅनसारखं नाजूक, विंडरमिअर पूसँसारखं भारदस्त, डरवेंटवॉटर साल्व्हातोर रोझासारखं रौद्र. जमिनीने चित्रासारखं वागावं असा हट्टच हा.

वर्ड्‌स्वर्थची सरोवरांवरची मार्गदर्शिका याच्या नेमकी उलट सुरू होते. वाचकाला तो ग्रेट गेबल आणि स्कॉफेल या डोंगरांच्या मधे, एका ढगावर नेऊन ठेवतो आणि सांगतो, चाकाच्या आऱ्यांसारख्या दऱ्या इथून कशा फाकतात ते बघा. ते स्टेशन कुणाच्याच पायाखाली येणारं नाही. पण तिथून प्रदेश समजतो. वेस्टच्या खडकावरून चित्र मिळतं, प्रदेश कळत नाही.

घाटमाथा

रानवाटा, ढगावरून प्रदेश कळतो हे मान्य. पण माणूस येतो दोन पायांवर. आणि उंच गेलं की जास्त दिसतं, जास्त चांगलं दिसतंच असं नाही. कवी टॉमस ग्रे ऑक्टोबर १७६९ मध्ये डरवेंटवॉटरकाठच्या केसिक गावी आला होता. त्याने रोजनिशीत नोंदवलंय की क्रो पार्क हे पाण्याकाठचं खालचं मैदान त्याला शेजारच्या कॉकशॉट टेकडीपेक्षा आवडलं, कारण फार उंच जागेवरून दरीची शोभा बिघडते आणि तिचे भाग किरकोळ दिसतात. उंचावरून सरोवर जमिनीवर टाकलेल्या पत्र्यासारखं सपाट होतं, डोंगर बुटके होतात. खालून पाणी पट्ट्यासारखं दिसतं आणि डोंगर त्यावर उभे राहतात. हे तपासायला चित्रकलेचा ग्रंथ लागत नाही, क्रो पार्कवर उभं राहून मग जवळच्या कॅसलहेड टेकडीवर चढलं की झालं.

ताम्रपट

ग्रेबद्दल एक भर. हा गृहस्थ डबीतला आरसा उघडून चालता चालता चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. बोटांची सालटी निघाली, पण तो तिथंच थांबला आणि सूर्यास्त पुरता बघून मगच हलला. पाठमोरं बघण्याला रानवाटा नाकं मुरडतात, पण ही आस्था खोटी म्हणता येणार नाही.

आरसेमहाल

आरशाबद्दल नीट लिहायला हवं, कारण त्याचं काम समजलं की स्टेशनचंही समजतं.

क्लॉड ग्लास म्हणजे किंचित फुगीर काच, मागून काळी केलेली. वेस्टच्या सूचना नेमक्या आहेत : व्यास ४ ते साडेचार इंच. बघायच्या वस्तूकडे पाठ. आरसा डबीच्या वरच्या भागाला धरून लोंबता ठेवायचा, गरजेप्रमाणे थोडा डावीकडे किंवा उजवीकडे. चेहरा उन्हापासून झाकायचा. काच फार फुगीर असेल तर लांबच्या लहान गोष्टी दिसेनाशा होतात, फार सपाट असेल तर जवळचे मोठे कडे अंगावर येतात, म्हणून दोन वेगवेगळ्या फुगीरपणाच्या काचा ठेवाव्यात. उन्हात काळी काच, ढगाळ दिवशी चंदेरी पाठीची.

चेहरा झाकायचा का? कारण देखाव्यावर ऊन हवं असेल तर सूर्य तुमच्या पाठीशी हवा. देखाव्याकडे पाठ केलीत की तोच सूर्य थेट तोंडावर. रुंद काठाची टोपी हे या उपकरणाचं अर्धं अंगच समजा.

हिशोब बघा. १० सेंटिमीटर व्यासाचा साधा सपाट आरसा डोळ्यापासून ४० सेंटिमीटरवर धरला तर सुमारे १४ अंशांचा तुकडा दिसतो. तेवढाच आरसा ६० सेंटिमीटर वक्रतात्रिज्येचा, म्हणजे तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचा तुकडा असावा इतका फुगीर असेल तर सुमारे ३३ अंश दिसतात. म्हणजे दुपटीहून जास्त रुंद देखावा तळहाताएवढ्या चौकटीत बसतो. शिवाय लांबच्या सगळ्याच वस्तूंची प्रतिमा आरशामागे साधारण ३० सेंटिमीटरवर पडते. बेट असो की डोंगर, डोळ्याला सगळं एकाच अंतरावर, चित्राच्या कापडावर असल्यासारखं.

तिसरी गोष्ट अंधार. साध्या आरशातून ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो. काळ्या पाठीच्या काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परततो तो फक्त ४ टक्के. आभाळाची झळाळी उतरते, बारीक तपशील सावलीत जातात आणि उरतात ते मोठे आकार : पुढचं झाड, मधलं पाणी, मागचा डोंगर. स्टेशनची निवडही याच तीन थरांवर झालेली असायची.

पेणकर

घरी करता येईल का असा आरसा?

आरसेमहाल

येईल. दोन मार्ग आहेत.

पहिला : एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर असं भिंग, व्यास १० सेंटिमीटरच्या आसपास, नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ६० ते १२० सेंटिमीटर. काळा रंग सपाट बाजूला द्यायचा, फुगीर बाजू डोळ्याकडे. दुसरा, स्वस्त : जुन्या घड्याळाची फुगीर काच. हिला आतून रंग द्यायचा.

घड्याळाची काच घेताना फुगीरपणा मोजा, इथंच बहुतेकांचं चुकतं. काच टेबलावर पालथी ठेवा आणि मधला उंचवटा कडेपेक्षा किती वर आहे ते बघा, काचेची जाडी वजा करून. १० सेंटिमीटर व्यासाला २ मिलिमीटर उंचवटा म्हणजे ६० सेंटिमीटर त्रिज्या. ४ मिलिमीटर म्हणजे ३० च्या जवळपास. यादरम्यान ठेवा. १० मिलिमीटर उंचवट्याची काच घेतलीत तर तिच्यात आख्खं आभाळ आणि तुमचे कान दिसतील, डोंगर मात्र मोहरीएवढा.

रंगायच्या आधी स्पिरिटने पुसून घ्या, बोटाचे ठसे राहू देऊ नका. काळा ऑइलपेंट मऊ ब्रशने पातळ लावा, एक दिवस वाळू द्या, मग दुसरा हात. वाळल्यावर रंगाची बाजू ट्यूबलाइटकडे करून काचेतून बघा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिसरा हात. नंतर पाठीला पुठ्ठा लावा, नाहीतर पिशवीत रंग खरवडतो.

बिघाड कसा ओळखायचा : दिव्याचं प्रतिबिंब बघा. एक ठळक ठिपका दिसायला हवा. शेजारी दुसराही जवळजवळ तितकाच ठळक असेल तर रंग काचेला पुरता चिकटलेला नाही, मधे हवा आहे, आणि मागचा पृष्ठभागही आरसा झालाय. अशा आरशात प्रत्येक डोंगराला भुताटकीची दुसरी कड दिसते. रंग खरडून पुन्हा द्या.

आणि सूर्य कधीही आरशात पकडू नका. ४ टक्के सूर्यसुद्धा डोळ्याला धोक्याचाच.

सांजवेळ

मोबाइल बंद करून त्याच्या काळ्या पडद्यात बघितलं तर?

आरसेमहाल

अंधाराचा परिणाम मिळेल, रंग छान उतरतील. पण पडदा सपाट, त्यामुळे देखावा आकसत नाही. तुकडा छोटाच राहतो. जवळच्या एका झाडासाठी ठीक, सरोवरासाठी नाही.

चित्रगंधा

एक गोष्ट सुटली. आरशात डावं-उजवं उलटतं. आरशावरून रेखाटन केलंत तर बेट चुकीच्या काठाला जाईल. म्हणून आरशात फक्त छायेचे थर बघायचे, आकार काढताना वळून खऱ्या देखाव्याकडे बघायचं. जलरंगवाल्यांना हा सराव आजही उपयोगी आहे. डोळे बारीक करून बघण्याचंच ते जरा पद्धतशीर रूप.

नकाशेवाला

वेस्टच्याही आधीची एक जागा यात यायलाच हवी. ॲम्बलसाइडजवळच्या रायडल हॉल या वाड्याच्या आवारात एक छोटं दगडी घर आहे, सर डॅनियल फ्लेमिंग यांनी १६६८ मध्ये बांधलेलं. नाव ‘ग्रॉट’. आत शिरताना अंधार, आणि समोरच्या खिडकीत बरोबर धबधबा. खिडकीची चौकट हीच चित्राची चौकट. निव्वळ देखावा बघण्यासाठी बांधलेल्या ब्रिटनमधल्या अगदी जुन्या वास्तूंपैकी ही एक. रंगीत काच नाही, आरसा नाही. अंधाऱ्या खोलीतून बघितल्यामुळे पाणी जास्त पांढरं दिसतं, एवढ्यावर सगळं उभं आहे. दार उघडून लगेच खिडकीकडे धावू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग खरी मजा.

सह्यकडा

आपल्या महाबळेश्वरचे पॉइंट याच जातीचे ना? लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, मुंबई पॉइंट.

ताम्रपट

आवड तीच. जनरल लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरी चढले, आणि गव्हर्नर माल्कम यांनी तिथं पेठ वसवली ती १८२८-२९ च्या सुमारास. तोवर इंग्लंडात स्टेशनांची सवय दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. नेमकी जागा, तिला नाव, तिथवर वाट, एक कठडा. फरक असा की महाबळेश्वरचे बहुतेक पॉइंट कड्याच्या टोकाशी आहेत, दरीत खोल बघायचे. वेस्टची स्टेशनं बरीचशी पाण्याच्या जवळ आणि मध्यम उंचीची. ग्रेचं ‘सखल’ तत्त्व सह्याद्रीवर लागू पडत नाही, आणि पडायचं कारणही नाही.

हिंदुस्थानशी थेट धागा आहे तो पीटर क्रॉस्थवेट यांच्यात. ईस्ट इंडिया कंपनीच्या दर्यावर्दी नोकरीतून हा माणूस केसिकला परतला, तिथं संग्रहालय काढलं आणि १७८३ पासून सरोवरांचे नकाशे छापून विकायला लागला. नकाशांवर वेस्टची स्टेशनं खुणेनिशी दाखवलेली, शिवाय स्वतः शोधलेल्याही काही जागा. वेस्टचं वर्णन आणि क्रॉस्थवेटचा नकाशा शेजारी ठेवले तर जागा सापडायला सोपं जातं. एकटं वर्णन पुरत नाही. झाडं पडतात, कुंपणं हलतात. वाकणं आणि नाले मात्र जागेवर राहतात.

सांजवेळ

तोफांचं कुणी सांगितलं नाही! पर्यटकांसाठी प्रतिध्वनी विकत मिळायचे. अल्सवॉटरवर बोटीतून पितळी तोफा उडवत आणि आवाज डोंगरांवर आपटत कसा फिरतो ते ऐकत बसत. डरवेंटवॉटरला लोडोरच्या खानावळीतही तोफ होती. लहान बारासाठी अडीच शिलिंग, मोठ्यासाठी चार.

रानवाटा

हे आवडलं. आरशापेक्षा हे बरं. निदान डोंगर स्वतः उत्तर देतो.

बोरोडेलचा पाऊस

आता डरवेंटवॉटरकडे येतो, मूळ प्रश्न तिथंच जास्त अडतो.

पहिलं स्टेशन कॉकशॉट टेकडी. आज ती पूर्ण झाडीत आहे. टेकडीभोवतीची वाट छान, पण माथ्यावरून सरोवर फांद्यांच्या फटींतून दिसतं. पानगळीनंतर, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, थोडं बरं. वेस्टने सांगितलेला हंगाम जून ते ऑगस्ट अखेर, आणि नेमका त्याच काळात हा देखावा बंद असतो.

दुसरं क्रो पार्क. इथं गोष्ट उलटी घडली. अर्ल ऑफ डरवेंटवॉटर १७१५ च्या राजाविरुद्धच्या बंडात सापडले, १७१६ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला, जहागीर जप्त झाली आणि पुढे ग्रिनिचच्या खलाशी रुग्णालयाकडे गेली. रुग्णालयाने अठराव्या शतकाच्या मध्याला इथले जुने ओक तोडून लाकूड विकलं. ग्रेने आणि वेस्टने पाहिलं ते बुंध्यांचं मोकळं माळरान. म्हणजे हे स्टेशन जंगलतोडीमुळे तयार झालं. आज ते नॅशनल ट्रस्टचं कुरण आहे, अजून मोकळं, धक्क्यापासून पाच मिनिटांवर. आठांपैकी वेस्टने पाहिलं त्याच्या सर्वात जवळचं दृश्य इथंच मिळतं.

आठवं स्टेशन केसिकला लागून असलेल्या क्रॉस्थवेट या गावच्या (नकाशेवाल्या क्रॉस्थवेटचा इथं संबंध नाही) पाद्रीनिवासाजवळ. ग्रेने सूर्यास्ताच्या थोडं आधी इथून आरशात जे पाहिलं त्याबद्दल म्हटलं की हे रंग असेच्या असे पकडता आले तर हजार पौंडांना सहज विकले जातील. ते घर खासगी आहे, आत शिरू नये. चर्चजवळचा उंचवटा पकडला तरी दिशा तीच : दक्षिणेकडे सरोवर आणि मागे बोरोडेल दरीचं अरुंद तोंड.

कॉकशॉटला पर्याय म्हणून कॅसलहेड घ्या. झिजून उरलेल्या ज्वालामुखीच्या नळीचा खडक, समुद्रसपाटीपासून सुमारे १६० मीटर. केसिकच्या बाजारातून वीस मिनिटं. शेवटची थोडी वाट खडकावरून, ओल्यात हात टेकावे लागतात. माथा मोकळा आहे आणि सगळी बेटं एकदम समोर येतात.

चित्रगंधा

बोरोडेल, प्रकाशाचंही सांगा ना.

बोरोडेलचा पाऊस

कॅसलहेड सरोवराच्या पूर्व बाजूला, तिथून नजर पश्चिमेला कॅटबेल्सच्या रांगेकडे जाते. म्हणून सकाळ. सूर्य पाठीशी, समोरच्या डोंगरांच्या घळी स्पष्ट. दुपारनंतर तेच डोंगर काळ्या पुठ्ठ्यासारखे सपाट होतात. क्लेफ स्टेशनचं बरोबर उलट : ते पश्चिम काठावर, नजर पूर्वेकडे आणि उत्तरेकडे, त्यामुळे दुपार. पाद्रीनिवासाच्या बाजूला संध्याकाळ, ग्रेने निवडली तीच वेळ.

रानवाटा

झाडीचा मुद्दा मोठा आहे. ट्रस्टने स्टेशनांसाठी झाडं तोडावीत का? मी म्हणेन नाही. कॉकशॉटचं रान आता पक्ष्यांचं आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची नजर सांभाळायला ओक पाडणं मला मान्य नाही.

नकाशेवाला

सरसकट नकोच. पण क्लेफला जे केलं ते योग्य वाटतं. तिथं सगळं रान उघडं पाडलं नाही. इमारतीसमोरच्या झाडीत दृश्यापुरती फट मोकळी केली, बाकी तसंच राहिलं. तिथली लार्च या सूचिपर्णी झाडांची लागवड कर्वेन यांच्याच काळात वाढली होती. स्टेशन बांधणाऱ्यांनीच स्टेशन झाकायची सोय केली म्हणायची. अशी फट दर काही वर्षांनी छाटावी लागते. एकदा तोडून भागत नाही, कारण रुंद पानांच्या झाडांच्या तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात आणि ते आधीपेक्षा दाट होतात. वास्तू जपायला जसं वार्षिक काम लागतं तसं देखावा जपायलाही लागतं, हे मान्य करून पैसा ठेवला तरच स्टेशन टिकतं.

घाटमाथा

नकाशेवाला, हे पटलं. २०१७ मध्ये युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा म्हटलं, ते मेंढपाळांच्या भूमीबरोबरच या बघण्याच्या परंपरेसाठीही. आणि एक सुरेख जुळणी : १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापणाऱ्या तिघांपैकी कॅनन रॉन्स्ली हे क्रॉस्थवेटचे पाद्री. आठव्या स्टेशनचा देखावा त्यांच्या दारातला होता.

ताम्रपट

वेस्ट लँकेस्टरहून मोरेकंब उपसागराची वाळू ओलांडून येई, तो मार्ग कुणी मनात आणत असेल तर एकट्याने जाऊ नका. ओहोटीत वाळू उघडी पडते, पण नद्यांचे प्रवाह जागा बदलतात, रुतवणारी वाळू असते, आणि भरती चालत्या माणसाला गाठते. सोळाव्या शतकापासून तिथं राजाने नेमलेला वाटाड्या असतो. आजही वाटाड्याबरोबरच जातात.

पेणकर

मग दोन दिवसांचं अंतिम काय ठरलं?

बोरोडेलचा पाऊस

पहिला दिवस विंडरमिअर. सकाळी रायडलचा ग्रॉट. बोनेस आणि ॲम्बलसाइडवरून जाणारी ५९९ रायडललाही थांबते. दुपारी परत बोनेस, फेरी, क्लेफ स्टेशन. तीन-चारच्या सुमाराला तिथं पोचलात तर बेटांवर ऊन तिरपं पडलेलं असतं. रात्री ५५५ ने केसिक. शेवटची बस आधी बघून ठेवा, केसिकची रेल्वे १९७२ मध्ये बंद झाली आहे.

दुसरा दिवस डरवेंटवॉटर. उजाडल्यावर कॅसलहेड. खाली उतरून क्रो पार्क, म्हणजे उंच आणि सखल लागोपाठ बघून घाटमाथा यांचं म्हणणं तपासता येईल. दुपारी ऊन सपाट असतं, तेव्हा लाँचने सरोवराचा फेरा करा, लोडोरला उतरा. संध्याकाळी क्रॉस्थवेट.

रानवाटा

लोडोरला उतरलात की बोरोडेलमध्ये ग्रेंज गावापर्यंत चाला. ग्रे तिथूनच मागे फिरला होता. त्याच्यापुढे निदान एक वळण तरी जा.

नकाशेवाला

फेरीबाबत एक सूचना. वारा जोराचा असेल तर ती बंद ठेवतात, आणि मग मोटारीला ॲम्बलसाइडवरून आख्खा वळसा पडतो. पायी असाल तर त्या दिवशी क्लेफचा नाद सोडा आणि बोनेसमागच्या ब्रँट फेलवर चढा. वेस्टने गावामागची उंचीही स्टेशन म्हणून दिलेली आहे. बेल आइल तिथून वरून दिसतं. फक्त प्रकाशाची वेळ उलटी होते, तिथं सकाळीच जा.